हँडब्रेक चालू होता

“लहान्या बाई, थे मूठ दुरुस्त नका करू,” नत्थूकाका म्हणाले होते. “बिघडली हाय, म्हनून कोनी तिच्यावर भरोसा ठेवत नाई. अन् भरोसा ठेवत नाई, म्हनून आजवर काई झालं नाई.”

रक्षानं मान डोलावली आणि सोडून दिलं. तिचं बी.एस्सी. झालेलं होतं, तेही फिजिक्स घेऊन. उतारावर ठेवलेल्या वस्तूवर कोणकोणती बलं काम करतात, हे तिनं वर्ध्याच्या कॉलेजात बाणांसकट काढलेलं होतं. त्या आकृतीत नत्थूकाका कुठंच नव्हते.

सिंदी रेल्वे या गावात मात्र होते, आणि गाडीच्या मागच्या डाव्या चाकापाशीच होते. रक्षाचे सासरे बंडूजी यांचा कापसाचा व्यापार, वीसेक एकर शेती, आणि अठ्ठ्याहत्तर साली घेतलेली एक काळी मोटार. या मोटारीचा हँडब्रेक डॅशबोर्डच्या खाली होता. छत्रीच्या मुठीसारखी एक वाकडी मूठ. स्वतःकडे ओढली की ब्रेक लागतो, जराशी पिळून आत ढकलली की सुटतो. हा झाला गाडी बनवणाऱ्यांचा विचार. घरच्यांचा विचार वेगळा पडला. त्या मुठीला भाजीची थैली चांगली अडकते, हे सासूबाईंच्या, म्हणजे शकुंतलाबाईंच्या, पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं. मग पाण्याची बाटली आली, मग लग्नाहून परत येताना नारळ-ब्लाउजपीसची पिशवी. तीन वर्षं असा संसार वाहिल्यावर एक्क्याऐंशी साली आतली तार सैल पडली, आणि मूठ निव्वळ खुंटी म्हणून उरली. गिअर टाकून गाडी उभी करावी, तर पहिला गिअर आपोआप बाहेर पडायचा.

तेव्हापासून गाडीचा हँडब्रेक म्हणजे नत्थूकाका.

ते या घरचे सालदार. वय साठीचं, अंगानं बारीक, पायात टायरच्या तळव्याची चप्पल. मागच्या सीटवर डाव्या दाराशी त्यांची जागा ठरलेली आणि मांडीवर बाभळीचा एक ठोकळा, बंडीच्या, म्हणजे बैलगाडीच्या, चाकाला लावतात तसा, फक्त जास्त गुळगुळीत. गाडी पुरती थांबायच्या आत काका खाली असायचे. ठोकळा चाकाखाली ठेवून म्हणायचे, “लागला जी.” हे दोन शब्द कानावर पडेपर्यंत बंडूजी ब्रेकवरचा पाय काढत नसत. एकदा काकांचा घसा बसला होता, तेव्हा बंडूजी वाघोबाच्या देवळासमोर पाऊण तास ब्रेक दाबून बसले होते.

गाडी थांबली की बाकीचे आत जात. काका चाकाजवळ. त्यांनी बावीस वर्षांत या कुटुंबाबरोबर चाळीसेक लग्नं केली आणि एकाही मांडवात पाऊल टाकलं नाही. पत्रावळ चाकापाशी यायची. दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार पडायचा, ठोकळ्याला कुंकू लागायचं आणि काकांना नवा दुपट्टा मिळायचा, एकाच ताटातून. गावात कोणी विचारलं, “बंडूजी, हँडब्रेक कुठं गेला?” तर उत्तर यायचं, “पानठेल्यावर खर्रा आनाले गेला, येतेच.”

आता रक्षाबद्दल थोडं सांगायला हवं. ती भित्री नव्हती. तिला फक्त सगळं आधीच दिसायचं. चार वर्षांच्या गुंजनला द्राक्ष द्यायचं तर ती त्याचे चार तुकडे करायची. जिन्याच्या गजांमधलं अंतर तिनं पट्टीनं मोजलं होतं आणि गुंजनचं डोकंही. पोर झोपली की नाकापुढं बोट धरून श्वास पाहायचा, ही सवय बाळंतपणापासूनची, अजून सुटलेली नाही. अशा बाईला लेक ज्या गाडीत बसते त्या गाडीचा ब्रेक खर्रा आणायला जातो, हे किती दिवस सहन होणार?

त्या ऑक्टोबरात, म्हणजे दोन हजार तीनच्या, काय झालं तर गाडी घरासमोरच उभी होती. ठोकळा लागलेला होता, पण जरा तिरपा. काका पानठेल्यावर. गल्लीचा उतार रेल्वे फाटकाकडे. गाडी हळूच सुटली आणि पंधरा हात खाली जाऊन शेजारच्या देवकाबाईंच्या बाजेला टेकली. बाजेवर मुंगवड्या वाळत होत्या. त्या नालीत गेल्या. गाडीत कोणी नव्हतं, गाडीला ओरखडाही नव्हता.

“वड्या गेल्या त्याचं मले काई नाई, अवं,” देवकाबाई म्हणाल्या. “वड्या म्या पुन्हा घालीन. पन आत लेकरू असतं तं?”

झालं. त्या रात्री रक्षाला झोप नाही. देवकाबाईंनी एवढं बोलून उरलेल्या वड्या वेचायला घेतल्या होत्या. पण ते वाक्य रक्षाच्या डोक्यात जाऊन बसलं ते बसलंच. सकाळी तिनं जाहीर केलं, “मामाजी, हँडब्रेक दुरुस्त करायचा.”

बंडूजींनी पेपर खाली केला. त्यांना वाटलं, नत्थूबद्दल काही तक्रार आहे.

“काऊन? काय केलं त्यानं?”

“काकांबद्दल नाही म्हणत. गाडीच्या हँडब्रेकबद्दल म्हणते. आणि डिसेंबरात पासिंग आहे. तिथं विचारतील.”

“मागच्या खेपेले बी इचारलं होतं.”

मागच्या खेपेची, म्हणजे अठ्ठ्याण्णवची, हकीकत घरात आवडीनं सांगितली जायची. जुन्या गाडीचं पासिंग दर पाच वर्षांनी, आणि त्यात इन्स्पेक्टर चढावर गाडी उभी करून हँडब्रेक लावायला सांगतो. बंडूजींनी थैली बाजूला करून मोठ्या रुबाबात मूठ ओढली होती, आणि त्याच वेळी पलीकडच्या अंगाला नत्थूकाका चाकामागं उकिडवे बसून ठोकळा धरून होते. गाडी तसूभर हलली नाही. “या वयाच्या गाडीत असा ब्रेक पाहिला नाही,” इन्स्पेक्टर म्हणाले होते, आणि बंडूजींना त्या वेळी खरोखरच अभिमान वाटला होता.

“ती फसवणूक होती, मामाजी.”

“फसवनूक कायची? गाडी थांबली का नाई?”

 तरी रक्षा मागं हटली नाही.

तिचा नवरा निकेश बुटीबोरीच्या कारखान्यात होता, रोज रेल्वेनं जायचा-यायचा. त्याचा तोडगा चार वर्षांपासून एकच: नवीन गाडी घेऊ. नवीन गाडी कशी असते हे पटवून द्यायला त्यानं एका रविवारी मित्राची छोटी लाल मोटार आणली. तिचा हँडब्रेक दोन सीटच्या मधे, दांड्यासारखा. वर ओढायचा, टोकाचं बटण दाबून खाली सोडायचा. निकेशनं हे तीनदा समजावून सांगितलं. बंडूजींनी गाडी जरा चालवली, कोपऱ्यावर थांबवली, पंचवीस वर्षांपूर्वीच्या सवयीनं डॅशबोर्डखाली हात घातला आणि हाताला लागेल ते जोरात ओढलं. बोनेट टप्पकन उघडलं. दुसऱ्या कोपऱ्यावर पुन्हा बोनेट. तिसऱ्या कोपऱ्यावर लोक गोळा झाले, की बंडूजींची नवी गाडी दर थांब्याला गरम होते म्हणून. मागं बसलेल्या शकुंतलाबाईंनी तेवढ्यात पुढं वाकून त्या दांड्यावर टेकायला हात ठेवला, त्यांची साडी त्यात अडकली, आणि त्या “हे काय आडवं घालून ठेवलं मेलं!” असं म्हणत घरी चालत गेल्या.

नत्थूकाका मात्र शांत होते. तिन्ही कोपऱ्यांवर त्यांनी उतरून ठोकळा लावला. गाडी न्यायला आलेल्या मित्राच्या ते लक्षात आलं नाही. त्यानं गाडी मागं घेतली आणि ठोकळ्यावर चढवली.

“नागपूरच्या जावयांच्या गाडीत तर पायानं दाबायचा असतो,” निकेश हिरमुसून म्हणाला. “डाव्या पायापाशी, क्लचच्याही पलीकडं.”

“पायानं?” बंडूजींनी चष्मा काढला. “मंग सोडाचा कशानं, दातानं?”

नव्या गाडीचा विषय तिथं संपला. जुन्या गाडीची दुरुस्ती तेवढी उरली, आणि ती रक्षाच्या गळ्यात.

गुलाब मिस्त्रीचं गॅरेज फाटकाजवळच्या लिंबाखाली. तो गाडीखाली शिरला. मग नुसते पाय हलले.

“वहिनी, इथं तं काईच नाई.”

“काईच नाही म्हणजे?”

“म्हन्जे तारीचं एक टोक हाय. दुसऱ्या टोकाले कोनाचा तरी लंगोट बांधला हाय.”

तो लंगोट नव्हता, दुपट्टा होता, ब्याऐंशीच्या दसऱ्याचा. नत्थूकाकांनीच एकदा तार खडखडते म्हणून बांधला होता. पण बातमी गल्लीत लंगोट म्हणूनच पोचली आणि बंडूजी दोन दिवस बाहेर बसले नाहीत. तार नागपूरहून आली ती आखूड निघाली. दुसरी आली ती पुरली, पण मागचे ब्रेक-शूज चकचकीत झालेले, मग ते आले. दिवाळी गेली. रोज संध्याकाळी रक्षा गुंजनचं बोट धरून लिंबाखाली उभी. गुलाब खालून पाना मागायचा, तो गुंजन द्यायची. मूठ कशी ओढायची, कशी पिळायची, हे गुलाब रक्षाला समजावून सांगायचा. आणि पोर आईच्या कमरेला बिलगून सगळं ऐकत असायची. किती शांत राहते बाई, असं रक्षाला कौतुक वाटायचं.

नत्थूकाका तेवढे लिंबाखाली येत नसत. दूर ओट्यावर बसून ठोकळ्याला काचेनं घासत राहायचे.

नोव्हेंबरच्या शेवटी गाडी तयार झाली. मूठ ओढून पाहण्याचा मान साहजिकच रक्षाचा. तिनं लायसन काढलेलं होतं. गाडी तिनं स्वतः चालवत नेली, जिनिंगच्या फाटकातल्या चढावर उभी केली आणि दोन्ही हातांनी मूठ ओढली. मनात साचलेली सगळी काळजी त्या ओढण्यात होती. गाडी खिळली. रक्षानं पाय काढला. गाडी जागची हलली नाही. तिला रडू आलं, इतकं बरं वाटलं.

मग तिनं मूठ पिळली. मूठ पिळली गेली नाही.

जिनिंगचं फाटक, कापसाचा हंगाम, सकाळचे नऊ. दहा मिनिटांत मागं अकरा बंड्या लागल्या, तासाभरात एकतीस. बैल रवंथ करत उभे, माणसं खाली उतरलेली. विदर्भातल्या माणसाला उभ्या गाडीजवळ गप्प राहता येत नाही.

“उलटी फिरवा.”

“उलटीच फिरवून राह्यले ना बाप्पा!”

“मंग सुलटी फिरवा.”

“गाडीले पुढून धक्का द्या.”

“मागून द्या, मागून! पुढून देऊन काय मुंडकं सरकते?”

“गरम पानी टाका.”

“पेटवूनच द्या न एकदाची,” बावीस क्विंटल कापूस घेऊन आलेला एक जण शांतपणे म्हणाला.

आणि दर थोड्या वेळानं मागच्या बंडीवरून प्रश्न यायचा, “ओढला कोनं?” उत्तर पुढून मागं जायचं, “बंडूजीच्या सुनेनं.” मग सगळी रांग एकदम “हां” करायची. त्या “हां”मध्ये काय नव्हतं! रक्षा काच वर करून आत बसली होती. गुंजन शेजारी. काचेतून एक म्हातारा वाकून पाहत म्हणाला, “शिकेल हाय म्हन्तेत.”

शेवटी तेलघाणीवाले सरकीचं तेल घेऊन आले. एक किटली पुरली नाही, दुसरी आणली. ज्याला त्याला आपल्या हातानं ओतायचं होतं. तेल मुठीवरून आत गेलं, तारेत गेलं, रक्षाच्या साडीवर गेलं. तिसऱ्या किटलीला मूठ अशी सुटली की ती पिळायला बोलावलेला गुलाब मिस्त्री झटक्यानं सीटवर उताणा पडला, आणि गाडी निघाली मागं, थेट पहिल्या बंडीच्या बैलांवर.

ठक.

“लागला जी,” मागून आवाज आला. काका कधी येऊन उभे राहिले होते, कोणी पाहिलं नव्हतं.

त्यांचे आभार मानायचं रक्षाच्या ध्यानात आलं नाही. गुलाब तिला मूठ दाखवत होता. “पाहा वहिनी, आता कशी लोन्यावानी चालते. एका बोटानं फिरते!” रक्षानं एका बोटानं फिरवून पाहिली. फिरली. द्राक्षाचे चार तुकडे करणाऱ्या बाईला त्या क्षणी काही दिसलं नाही. इतकी ती खूश होती.

पासिंगचं फार सांगण्यासारखं नाही. इन्स्पेक्टर सरळ माणूस. म्हणाले, चढावर घ्या, न्यूट्रल करा, हँडब्रेक लावा, पाय काढा. रक्षानं सगळं केलं. गाडी उभी राहिली. ते चाकाजवळ गेले, दोन्ही बाजूंनी वाकून पाहिलं. बंडूजी उगाचच घसा खाकरत होते. पलीकडं कोणी उकिडवं बसलेलं नव्हतं. कागदावर सही झाली.

घरी आले तेव्हा नत्थूकाका घराच्या फाटकाशीच होते, ठोकळा हातात.

“काका, पास झाली!”

“बरं झालं,” ते म्हणाले.

“आता तुम्हाला उड्या मारायला नको. आता नुसतं आरामात बसायचं गाडीत. आमच्यासारखं.”

 काका ठोकळा घेऊन गुरांच्या कोठ्यात गेले, आणि येताना हात मोकळे होते.

गुंजनच्या तापात शकुंतलाबाईंनी गिरडच्या दर्ग्याला साखर वाहायचा नवस बोलला होता. डिसेंबरातल्या एका गुरुवारी सगळे निघाले. निकेशला सुट्टी नव्हती, म्हणून गाडी रक्षाकडं. तिच्याशेजारी बंडूजी, त्यांच्या मांडीवर गुंजन; मागं शकुंतलाबाई आणि डाव्या दाराशी नत्थूकाका, धुतलेलं धोतर, दोन्ही हात गुडघ्यांवर. रिकाम्या मांडीचं काय करावं ते त्यांना कळत नव्हतं. वाटेत गाडी जिथं जिथं थांबली तिथं त्यांनी दार उघडलं आणि पुन्हा लावलं. समुद्रपूरच्या पुढं शकुंतलाबाई वैतागल्या. “नत्थू, हवा येते रे!”

गिरडला टेकडीखालच्या उतारावर गाडी उभी केली. रक्षानं मूठ ओढली. धरली. तिनं पाय काढून मनात वीस आकडे मोजले. गाडी जागच्या जागी. बंडूजींचे गुडघे पायऱ्यांना नकार देत होते. ते म्हणाले, मी बसतो, आणि स्टिअरिंगपुढं सरकले. गुंजन पेंगत होती, तिला आजोबांजवळच ठेवलं. काका सवयीनं मागच्या चाकाशी जाऊन उभे राहिले.

“काका, तुम्हीपण चला,” रक्षा म्हणाली. “इतक्या वर्षांत एकदा तरी वर गेलात का?”

“नाई, पन—”

“पण काय? आता ब्रेक चालू आहे ना?”

तिला त्यांचं भलंच करायचं होतं. हे तिनं नंतर स्वतःला इतक्यांदा सांगितलं आहे की आता त्याला अर्थ राहिलेला नाही.

नारळांची पिशवी काकांच्या हातात दिली. चार-पाच पायऱ्या चढल्या की काका मागं वळून बघायचे, आणि रक्षाही. दोघांची नजर एकाच वस्तूवर. शकुंतलाबाई म्हणाल्या, “गाडी काय पळून जाते काय?” तिसऱ्यांदा वळून पाहिलं तेव्हा पुढच्या काचेतून बंडूजींचं मागं कलंडलेलं डोकं दिसलं, उघडं तोंड दिसलं, आणि गुंजन दिसली नाही. मग ती दिसली. डॅशबोर्डखालून वर आली. चेहऱ्यावर, गुलाब मिस्त्रीला बरोबर पाना दिल्यावर यायचा तो आनंद. काचेपलीकडून ओठ हलले: आई, मी केलं.

गाडी निघाली.

खाली उताराच्या टोकाला बांगड्यांची, साखर-फुटाण्यांची दुकानं, त्यात गुरुवारची गर्दी. रक्षा धावली म्हणतात. तिला आठवत नाही. तिला काका आठवतात. साठीचा माणूस पायऱ्या सोडून दगडांवरून सरळ खाली उतरला. चाकाशी पोचला आणि हात मांडीकडं गेला, तर तिथं काही नव्हतं. पिशवी टाकली चाकाखाली. एक नारळ फुटला, दुसरा फुटला, गाडी जरा अडखळली आणि नारळांवरून खाली गेली. मग त्यांनी उजवीकडं पाहिलं, डावीकडं पाहिलं. दगड नव्हता असं नाही; चार हातांवर होता. गाडी चार हात थांबणार नव्हती. काकांनी टायरच्या तळव्याची चप्पल चाकाखाली सारली. चप्पल काढायला वेळ नव्हता.

गाडी थांबली.

धक्क्यानं बंडूजी जागे झाले. त्यांनी आधी पायानं ब्रेक दाबला, मग डोळे उघडले, मग नेहमीच्या आवाजात विचारलं, “नत्थू, लागला का?”

“लागला जी,” काका म्हणाले आणि खाली बसले.

गुंजनला खरचटलंसुद्धा नव्हतं. तिला मोठी माणसं आपल्या कामाचं कौतुक का करत नाहीत एवढंच कळत नव्हतं.

गर्दी जमली, पोलीस जमादार आले. पंचनाम्याला बसले.

“गाडीचा हँडब्रेक चालू होता?”

“होता,” रक्षा म्हणाली.

“लावला होता?”

“हो.”

“मग गाडी उतरली कशी?”

“चालू होता म्हणून.”

जमादारांनी पेन उचललं. तिच्या तोंडाकडं पाहिलं. “बाई, नीट सांगा. बंद होता म्हणून ना?”

“नाही हो. बंद होता तेव्हा बावीस वर्षं काही झालं नाही. मी चालू करून घेतला. कागद आहे माझ्याकडं.” आणि तिनं खरोखरच पर्समधून पासिंगचा कागद काढून दाखवला. जमादारांनी तो उलटसुलट पाहिला, काही लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. विम्याच्या फॉर्मवरही रकाना होता: गाडीतील बिघाड. रक्षानं लिहिलं: काही नाही. विमावाल्यानं ते परत पाठवलं, बिघाड लिहा म्हणून. तिला बिघाड सापडेना. शेवटी तिनं स्वतःचं नाव लिहिलं. तेही परत आलं.

काकांच्या डाव्या पायाची दोन बोटं गेली. दवाखान्यात तपासताना रक्तात साखरही निघाली, भरपूर, कोण जाणे किती वर्षांपासूनची. डॉक्टर म्हणाले, जखमेकडं रोज पाहत जा. महिनाभर रक्षानंच पाहिलं. मग एका सकाळी काका धोतर-दुपट्टा बांधून ओट्यावर बसलेले.

“पवनारले जातो, कोकिळेकडं.” कोकिळा त्यांची भाची. “आता उडी मारता येत नाई, लहान्या बाई. इथं बसून काय करू?”

“उडी मारायला कोण सांगतंय, काका? नुसतं राहा.”

“नुसतं राहाले मी काय पाव्हना हाओ?”

बंडूजी आतल्या खोलीतून बाहेरच आले नाहीत. एसटी सुटल्यावर आले आणि त्या दिवसापासून त्यांनी गाडीला हात लावला नाही. निकेशनं शेवटी नवी गाडी आणली, मधे दांडा असलेली. रक्षा दांडा ओढते, गिअर टाकते, चाकं नालीकडं वळवते, गुंजनला उतरवून हाताला धरते, आणि तरी दहा पावलं गेल्यावर परत येऊन बघते. देवकाबाई म्हणतात, “आता कायले भेते? नवी कोरी गाडी हाय.”  चालू वस्तूंची रक्षाला आता फार भीती वाटते, हे देवकाबाईंना कसं समजावणार?

दर पंधरा दिवसांनी ती पवनारला जाते. काका बाजेवर असतात, डाव्या पायात निकेशचा जुना मोजा, त्यावर गोधडी. “पाय दाखवा,” म्हटलं की गोधडी आणखी ओढून घेतात. “बरं हाय, लहान्या बाई. तुमी कायले येता एवढ्या दुरून? पोर कोनाजवळ ठेवली?” कोकिळा दिवसभर कामाला जाते, तिला विचारलं तर म्हणते, मामा मला पण दाखवत नाही. मागच्या खेपेला त्या खोलीत एक वास होता. रक्षा म्हणाली, डॉक्टरकडं चला, गाडी बाहेर उभी आहे. काका हसले आणि म्हणाले, “उतारावर ठेवली काय? जा मंग लवकर.” पुढं ते काही केल्या उठले नाहीत. तिच्यासमोर ते तो पाय गोधडीबाहेर काढणार नाहीत, हे तिला आता कळून चुकलं आहे. तिला वाईट वाटेल म्हणून.

तेव्हा रक्षाचं तुमच्याकडं एक मागणं आहे. तुमच्यापैकी कोणी वर्ध्याहून पवनारच्या बाजूला जाणार असेल, तर धाम नदीच्या पुलाआधी उतरा आणि कोकिळाबाईचं घर विचारा, कोणीही दाखवेल. दुपारी जा, तेव्हा ते एकटे असतात. आम्ही सिंदीचे आहोत असं सांगू नका. चहा देतील, तो घ्या. बरं हाय म्हणतील, ते ऐकू नका. मोजा काढायला लावा, आणि जखम कोरडी आहे की ओली, रंग काय आहे, एवढं पाहून या.